वहिनीला ‘सुटली’ म्हणू नका

बातमी कळली तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये होते. मधली सुट्टी संपत आली होती, समोर दुसरीच्या वह्यांचा गठ्ठा होता. दादाने आधी मलाच फोन लावला होता, पण वर्गात मी फोन बंद ठेवते, म्हणून बातमी फिरून माझ्या मावसबहिणीकडून आली. ती म्हणाली, “रेखा, माधवी सुटली गं.” मला क्षणभर खरंच वाटलं की वहिनीला हॉस्पिटलमधून घरी सोडलं. मी म्हणालेसुद्धा, “अगं बाई, आज सोडलं? दादा काही बोलला नाही...” मग ती म्हणाली, “अगं, गेली ती. सकाळी साडेदहाला. सुटली बिचारी एकदाची.”

त्याला आता सात आठवडे झाले. स्मशानात, दहाव्याला, तेराव्याला, बिल्डिंगच्या जिन्यात, शेअर रिक्षाच्या लाइनीत, सगळीकडे तो शब्द माझ्या कानावर पडलाय. कोणी डोळे पुसत म्हणतं, कोणी सुस्कारा टाकत. कॅन्सरच्या दुखण्यातून सुटली असं म्हणायचं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण बोलणाऱ्याची नजर दर वेळी कुठे वळते ते मी बघितलंय. ती सईकडे वळते. सई म्हणजे दादा-वहिनीची एकुलती एक मुलगी, सतरा वर्षांची. ती ऑटिस्टिक आहे, स्वमग्न. तेव्हा सुटली म्हणजे या मुलीच्या हातून सुटली, असं त्यांना म्हणायचं असतं. मी हे लिहितेय ते या लोकांसाठी. आणि माझ्यासाठीसुद्धा, कारण एके काळी मीही त्यांच्यातलीच होते, आणि ते लपवून वहिनीबद्दल गोडगोड लिहिण्यात काही अर्थ नाही.

माधवी लांज्याजवळच्या एका गावातून लग्न होऊन आली ती थेट भाईंदरला, केबिन रोडच्या मागच्या एका बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये. दादा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होता, अजूनही आहे. वहिनी गप्पिष्ट. वर्षभरात ती केबिन रोडवरच्या एका साडीच्या दुकानात काउंटरला लागली आणि बघता बघता गुजराती बायकांशी गुजरातीत, भाभींशी हिंदीत बोलून साड्या विकायला लागली. तिचं हसणं मोठं होतं, अगदी खदाखदा. जिन्यात असली की खालच्या मजल्यावर कळायचं. सासूबाई, म्हणजे माझी आई, कपाळाला हात लावायची. “हळू हस गं, लोक काय म्हणतील.” वहिनी त्यावर आणखी जोरात हसायची.

सई झाली, आणि आठ-दहा महिन्यांची असल्यापासून ती आईच्या हसण्याला रडायला लागली. साधं रडणं नाही, कोणीतरी चटका दिल्यासारखं. कुकरची शिट्टी झाली की तेच. अंगाला तेल लावलं की तेच. पण दुसरीकडे ती तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तासभर शांत बसायची. पंखा फिरताना बघत राहायची. बोलली उशिरा, तेही मोजकंच. मग सगळ्यांची तोंडं उघडली. दृष्ट लागली. आईच्या पोटात असताना ग्रहण पाळलं नसेल. आई दुकानात मिरवते, पोरीकडे बघायला वेळ कुठे आहे. एका डॉक्टरांनी तर फाइलमधून मान वर न करता विचारलं, “मोबाइल देता का हातात?” आणि मोबाइल द्यायचा नाही म्हणून सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी, प्राथमिक शिक्षिका, मुलांचं मन कळतं असा माझा स्वतःबद्दल समज. मी म्हणाले, “वहिनी, तुझे लाड नडतायत. थोडी शिस्त लाव, सुतासारखी सरळ होईल.” वहिनीने दुकान सोडलं. आणि ती आवाज न करता हसायला शिकली. हे मी फार उशिरा लक्षात घेतलं. तोंड उघडायचं, खांदे हलायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आणि आवाज शून्य. बघणाऱ्याला वाटावं ही रडतेय.

सई पाच वर्षांची असताना आमच्या चुलतभावाचं लग्न होतं. हॉलमध्ये वरात शिरली, बँड दारातच वाजत होता, वर व्हिडिओवाल्याचे प्रखर दिवे. सईने कान दाबून धरले आणि ती जमिनीवर बसली. वहिनी तिला बाहेर न्यायला निघाली तेव्हा मी तिला अडवलं. म्हटलं, “दर वेळी पळून कसं चालेल? सवय व्हायला हवी.” आणि मी सईचा हात धरून तिला ओढत पुढे, बँडच्या बाजूला नेलं. मी तिचा हात कानावरून काढला. मी तो काढला हो, माझ्या या हाताने. सई माझ्या मनगटाला चावली. आणि मी सगळ्या पाहुण्यांसमोर तिच्या गालावर चापट मारली.

वहिनी धावत आली. मला वाटलं आता भांडेल. तिने सईला घट्ट, अगदी करकचून मिठीत घेतलं, पदराने तिचं डोकं झाकलं आणि पार्किंगमध्ये जाऊन दोन गाड्यांच्या मधे बसली. मी मागोमाग गेले, तर ती इतकंच म्हणाली, “रेखा, तू मारलंस ते तिला कळलंही नसेल. इतका तो आवाज दुखत होता.” मी तेव्हा मनात म्हणाले, काय पण नाटक. आवाज कधी दुखतो का?

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. मनगटावरची खूण गेली होती, राग गेला नव्हता. वहिनी स्वयंपाकघरात होती. तिथली ट्यूबलाइट बरेच दिवस लुकलुकत होती, दादा बदलतो बदलतो म्हणायचा. वहिनी म्हणाली, “रेखा, माझं एक काम कर. हा स्वेटर घाल.” मे महिन्यातल्या दुपारी! जुना, खरखरीत लोकरीचा स्वेटर, तो तिने मला नुसत्या गळ्याभोवती गुंडाळायला लावला. मग मिक्सरमध्ये सुकं खोबरं टाकलं आणि चालू केला. रेडिओ मोठा केला. खिडकी उघडली, खाली केबिन रोडचे हॉर्न. मला त्या लुकलुकत्या ट्यूबच्या बरोबर खाली उभं केलं आणि मिक्सरच्या वरताण ओरडून विचारलं, “सतरा साते?” मी म्हटलं, “काय?” “सतरा साते किती? सांग ना! सोपं तर आहे! इकडे बघ माझ्याकडे! बोलतेय ना मी, बघ माझ्याकडे!” आणि बोलता बोलता ती माझ्या दंडावर बोटाने टोचत होती, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. मला सतरा साते येईना. वीस वर्षं पाढे शिकवणाऱ्या बाईला. गळ्याला खाज सुटली होती, डोकं भणभणत होतं. शेवटी मी किंचाळले, “बंद कर ते आधी!” आणि तिचा हात झटकला.

वहिनीने मिक्सर बंद केला. रेडिओ बंद केला. म्हणाली, “दोन मिनिटं पण नाही झाली. तू ओरडलीस, माझा हात झटकलास. आता मी काय म्हणू तुला? हट्टी? लाडावलेली?” मी गळ्यातला स्वेटर ओढून काढला. “तिला हे उठल्यापासून झोपेपर्यंत असतं गं. आपल्याला मिक्सर ऐकू येतो आणि थोड्या वेळाने कान तो सोडून देतात. तिचे कान काही सोडतच नाहीत. ट्यूबची गुणगुण, तुझ्या बांगड्या, खालचा हॉर्न, सगळं सारखंच मोठं. कपड्याच्या मागचं लेबल तिला सुईसारखं टोचतं. हलका हात लावला तर भाजल्यासारखं होतं, पण घट्ट दाबून धरलं तर बरं वाटतं. ती हट्ट करत नाही, रेखा. तिचं भरून वाहतं. आणि हट्ट म्हणजे काय ते मला माहितीय, तोही करते ती, आइस्क्रीमसाठी. मी बघत नाहीये म्हटलं की तो थांबतो. हे नाही थांबत. हे तिच्याही हातात नसतं.”

हे सगळं तिला कुठून कळलं? थोडं एका थेरपिस्टबाईंकडून, ज्यांच्याकडे ती आठवड्यातून एकदा बोरिवलीला सईला घेऊन जायची. पण बरंचसं नुसतं बघून. ती बारावी पास बाई होती. पण सई रडली की ती आधी खोलीत बघायची. काय वाजतंय, काय चमकतंय, कसला वास येतोय, अंगावर काय आहे. पोरीला ओरडायच्या आधी खोली तपासायची. आम्ही मुलगी तपासत बसलो होतो. तिने कुकर माळ्यावर टाकला आणि भात पातेल्यात करायला लागली. मिक्सर लावायच्या आधी सईला दाखवून, “आता आवाज, दहापर्यंत मोज,” म्हणून सांगायची, आणि दहाला बंद म्हणजे बंद, मग चटणी भरड राहिली तरी चालेल. कपड्यांची लेबलं कापायची. दोन जड गोधड्या एकत्र शिवून सईच्या अंगावर घालायची. आमच्या घरातल्या बायका म्हणायच्या, “काय ही थेरं.”

दादाबद्दल लिहिलं पाहिजे, कारण त्याच्यावरही मी रागावून आहे, आणि त्याची मला दयाही येते. सई बापाजवळ जायची नाही. तो घरी आला की ती बाथरूममध्ये जाऊन कडी लावायची. नऊ वर्षं. दादा आतून मोडला होता. मला एकदा म्हणाला, “माझी मुलगी मला ओळखतच नाही.” मग तो घरी उशिरा यायला लागला. वहिनी एकटी पडली. आणि एक दिवस तिने कपडे भिजवताना दादाचा शर्ट नाकाला लावला आणि तशीच उभी राहिली. कारखान्यात भांड्यांना बफिंग होतं, पॉलिश होतं, त्याचा एक तेलकट, धातूचा वास दादाच्या अंगाला कायम असतो. आम्हाला तो सवयीचा. त्यावर तो दाढीनंतर लोशन फासायचा. तिने दादाला सांगितलं, उद्यापासून कारखान्यातच अंघोळ करून, तिथेच कपडे बदलून यायचं, बिनवासाचा साबण, लोशन बंद. दादा वैतागला. “बापाचा वास येतो म्हणून पोरगी पळते? काहीही.” तरी केलं त्याने. तीन आठवडे काही झालं नाही. चौथ्या आठवड्यात तो टीव्हीसमोर जमिनीवर बसला होता, आणि सई आली, त्याच्या पाठीला आपली पाठ लावून बसली आणि दाबत राहिली, पूर्ण वजन टाकून. दादा हलला नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलला नाही. वहिनी मला फोनवर हे सांगत होती आणि मध्येच तिचा आवाज बंद झाला. हसत होती की रडत होती, ते तिच्या बाबतीत कधीच कळलं नाही.

नऊ वर्षं त्या बापलेकीच्या मधे एक वास उभा होता. आम्हाला कोणी सांगितलं असतं तर... पण सांगणार कोण? ज्यांना सांगायचं असतं त्यांनाच आम्ही लाडावणारी आई म्हणत होतो.

केबिन रोडचा कलकलाट सईला झेपेना म्हणून त्यांनी घर बदललं. जवळच्याच मुर्धा गावात, खाडीच्या बाजूला, एका जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर जागा घेतली. शेजारी गावातल्या पार्वतीकाकी, मासळी विकून घर चालवलेली बाई. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “पोरीला काय नको ता सांग. काय पायजे ता मी बघीन.” असा प्रश्न आमच्या कुटुंबात कोणी कधी विचारला नव्हता. चार वर्षं बरी गेली. मग बाजूच्या प्लॉटवर टॉवरचं काम सुरू झालं. जमिनीत लोखंड ठोकायचं ते मशीन... भिंती थरथरायच्या. सईने स्वतःचं डोकं भिंतीवर आपटून घेतलं. सोसायटीवाले वहिनीला म्हणाले, काम थोडंच थांबणार आहे, तुम्हीच मुलीला कुठेतरी ठेवा.

वहिनी साइटवर गेली. मी बरोबर होते. सुपरवायझर हेल्मेट सारखं करत म्हणाला, “मॅडम, काम बंद नहीं होगा.” वहिनी म्हणाली, “भैया, बंद करने को कौन बोल रहा है? बस इतना बता दो, कब चालू होगा और कब रुकेगा.” त्याने चकित होऊन वहिनीचा नंबर घेतला. बहुतेक त्याच्याकडे येणारा प्रत्येक माणूस भांडायलाच येत असणार. दुसऱ्या दिवसापासून सकाळी वहिनीच्या फोनवर मेसेज यायला लागला. नऊ ते साडेअकरा, तीन ते पाच. वहिनी फळ्यावर घड्याळ काढायची, सईला दाखवायची, कानावर मोठे हेडफोन लावायची, आणि नऊच्या आत पार्वतीकाकींकडे किंवा खाडीच्या बांधावर न्यायची. सई तेव्हापासून डोकं आपटायची थांबली. आवाज तेवढाच होता. फक्त तो आता सांगून येत होता. एका बांधकामाच्या सुपरवायझरला जे कळलं ते शाळांना कळलं नाही. दोन शाळांनी सईला ‘इतर मुलांना त्रास होतो’ म्हणून काढलं. आणि माझ्या शाळेत? माझ्या शाळेत मी कधी विचारलंच नाही. माझी भाची अशी आहे हे मी सहकाऱ्यांना सांगितलं नव्हतं. हे लिहिताना मला माझी लाज वाटते, वाटू दे.

आता ते लिहिते, जे लिहायला सात आठवडे लागले. वहिनीच्या अंगावरून जात होतं. पाळी जायचं वय आहे, होतं असं, म्हणून तिने सहा महिने काढले. मग डॉक्टरांनी तपासणी सांगितली, भूल देऊन, एक रात्र हॉस्पिटलमध्ये राहून. म्हणजे दोन दिवस सईकडे कोणीतरी हवं. दादाला सईचं जेवण, केस, अंघोळ, काहीच एकट्याने जमायचं नाही, आणि वयात आलेल्या मुलीचं सगळं बापाने कसं करायचं. वहिनीने मला फोन केला. “रेखा, दोन दिवस येशील?” माझ्या शाळेत तेव्हा परीक्षा होत्या. मी म्हटलं, “पुढच्या महिन्यात करूया ना गं.” तिने तारीख पुढे ढकलली. पुढच्या महिन्यात तिच्या सख्ख्या बहिणीला विचारलं. तिच्या घरी साखरपुडा होता. पार्वतीकाकी हो म्हणाल्या होत्या, पण नेमक्या त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या. तिसऱ्या वेळी मीच हो म्हटलं आणि आदल्या दिवशी मला ताप आला. ताप खरा होता. पण गोळी घेऊन जाता आलं असतं. मी शाळेत गेले असते तशा तापात.

पाच महिने गेले त्यात. तपासणी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असतात तर. डॉक्टरांना काय, ते वाक्य त्यांना रोज बोलावं लागत असेल. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून बोटांवर महिने मोजले. आजार कॅन्सरचा, मान्य. पण ते पाच महिने कॅन्सरने घेतले नाहीत. ते आम्ही घेतले. सगळं कुटुंब मिळून दोन दिवस देऊ शकलं नाही, आणि तेच कुटुंब आता म्हणतंय, सुटली.

शेवटची भेट ती जायच्या चार दिवस आधीची. दुपारची वेळ, वॉर्डात जेवणाचा वास. केमोने डोक्यावरचे केस गेले होते. मी बाजूला बसले तर ती म्हणाली, “बरं झालं आलीस. ये, शिकवते.” मला कळेना काय. “सईचे केस विंचरायला. तुझा दादा वरून विंचरतो, ती किंचाळते. आधी डोक्यावर दोन्ही हात दाबून ठेवायचे, दहा मोजेपर्यंत. मग टोकापासून सुरू करायचं. ये, करून दाखव.” मी म्हटलं, “वहिनी, तुझ्या डोक्यावर...” “केस नाहीत. डोकं आहे ना? ठेव हात.” मी हात ठेवले. हलकेच ठेवले, दुखेल म्हणून. ती चिडली. “अशाने तिला गुदगुल्या होतात, नको वाटतं. दाब. अजून. मी काय काचेची आहे?” मी दाबलं. ती डोळे मिटून दहापर्यंत मोजत होती. शेजारच्या कॉटवरची बाई आमच्याकडे बघत होती. दहा झाल्यावर वहिनी म्हणाली, “हां. आता जमलं.” आणि नंतर, डोळे न उघडता, “अजून थोडा वेळ ठेव गं... बरं वाटतंय.”

सईला तिने हॉस्पिटलमध्ये आणू दिलं नाही. त्या मशीनचे आवाज, तो वास, तिला सहन होणार नाही म्हणाली. स्वतःच्या मरणातसुद्धा तिने आधी खोली तपासली.

वहिनीला घरी आणलं तेव्हा बायकांनी हंबरडा फोडला. सईने कान दाबले, मोठ्याने ‘ऊंऽऽ’ असा सूर धरला आणि हॉलमध्ये गोल फिरायला लागली. कोणीतरी म्हणालं, “बघा, आई गेली तरी हिला काही नाही.” एक काका तिला खांद्याला धरून पाया पडायला ओढायला लागले. आणि त्या क्षणी मला लग्नाच्या हॉलमधला माझा हात दिसला. मी काकांचा हात धरला आणि सगळ्यांसमोर ओरडले, “हात काढा! काढा आधी तिच्या अंगावरचा हात!” तेवढ्यात पार्वतीकाकी उठल्या, रडणाऱ्या बायकांकडे वळून म्हणाल्या, “पोरीला समदा कलतंय. तुमानाच न्हाय कलत. जरा गप ऱ्हावा.” त्यांच्यापुढे कोणाची टाप नव्हती. घर शांत झालं. सई फिरायची थांबली. हळूहळू आली, वहिनीच्या शेजारी जमिनीवर आडवी झाली आणि आपली पाठ तिने वहिनीच्या कुशीला लावली. दाबत राहिली. मग ती म्हणाली, “गार.” उठली आणि दोन्ही गोधड्या आणून वहिनीच्या अंगावर घातल्या.

तेराव्याला जेवणं झाल्यावर बैठक बसली. ठाण्याच्या पुढे एक संस्था आहे, चांगली आहे, सईला तिथे ठेवावं, संजयने आता स्वतःचं बघावं. संजय म्हणजे दादा. सगळे शहाणपणाने बोलत होते. मी विचारलं, “तिथे कुकर कुठे लावतात? एका खोलीत किती मुलं झोपतात? दिवे कसले आहेत? तिला अंघोळ कोण घालणार, आणि हात लावायच्या आधी सांगणार का?” एकालाही माहीत नव्हतं. एकही जण तिथे जाऊन आला नव्हता. मी म्हटलं, “भाजीसुद्धा आपण बघून घेतो.” काका म्हणाले, “मग तू ठेव तिला तुझ्याकडे.” त्यांना वाटलं मी गप्प बसेन. दादा इतका वेळ भिंतीकडे बघत होता. तो म्हणाला, “ती कुठेही जाणार नाही. हे तिचं घर आहे. ज्यांना अडचण होते त्यांनी येऊ नका.” आयुष्यात पहिल्यांदा मी दादाचा असा आवाज ऐकला. काही वर्षं आधी ऐकला असता तर बरं झालं असतं, पण ठीक आहे.

मी शाळेतून लांब रजा घेतलीय. माझा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, नवरा सध्या डब्यावर भागवतोय, कुरकुरत. मी मुर्ध्याला राहतेय. सईचे केस मी विंचरते. पहिल्या आठवड्यात तिने मला दोनदा ढकललं, परवा स्वतः फणी आणून दिली. मी थोर काही करत नाहीये. मी उशिरा आलेय, एवढंच. आणि कोणी कौतुक करायला लागलं की मला त्यांचाही राग येतो.

घरात वहिनीच्या साड्या आहेत, चष्मा आहे, पण त्यात ती मला सापडत नाही. तिची एक सवय होती, येता-जाता पाहिलेली, पण इथे राहायला लागेपर्यंत मी तिचा कधी विचार केला नव्हता. सई ज्या खोलीत असेल त्या खोलीत वहिनी एकदम शिरायची नाही. उंबऱ्याशी थांबायची, चौकटीवर तळवा टेकवायची आणि न बोलता उभी राहायची. सई त्या हाताकडे बघेपर्यंत. कधी लगेच, कधी पाच-पाच मिनिटं. त्या ठिकाणचा रंग गेलाय, खाली लाकूड दिसतं. दादाने ते मला दाखवलं. आता तोही तसाच थांबतो, मीही थांबते.

गेल्या रविवारी मी सईला खाडीच्या बांधावरून फिरवून आणलं. ती बाहेर ओट्यावर पार्वतीकाकींजवळ बसली आणि मी आत आले, तर दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. चौकटीवर तळवा टेकलेला. मी म्हटलं, “दादा, सई बाहेर आहे. आत कोणी नाहीये.”

“माहितीय,” तो म्हणाला.

आणि तसाच उभा राहिला.